पुढे एकोणचाळीस, मागे त्रेचाळीस

जीपला मोठे टायर बसवायचेत म्हणून कुणी आलं, की मी आधी चार प्रश्न विचारतो. गाडी कुठे चालते, डांबरावर की शेतात? भार कशाचा आणि किती? चढावर सध्या कोणता गिअर टाकावा लागतो? आणि चालवतं कोण? उत्तरं वहीत लिहितो, मग टेप काढतो. तोवर निम्मी गिऱ्हाइकं कंटाळून समोर चहाला गेलेली असतात.

झरीचा दिगंबर यातलं काही विचारत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, चाकाला पायानं ठोकतो आणि मालकाला म्हणतो, "बसा, एक चक्कर मारून येऊ." चक्कर मारून येईपर्यंत गिऱ्हाईक त्याचं झालेलं असतं.

माझं गॅरेज परभणीत जिंतूर रोडला आहे. दिगूचं त्याच रस्त्यावर पुढे, झरीला. म्हणजे परभणी, पूर्णा, ताडकळस या बाजूची जी जीप दिगूकडे जाते, ती माझ्या दारावरून जाते. सत्तावीस वर्षं मी हे बघतो आहे. धंद्यातल्या आठवणी लिहा म्हणून या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तेव्हा सवयीनं मी आधी मुद्द्यांची यादी केली. बारा मुद्दे निघाले. त्यातल्या सातांत दिगू होता. त्याला वगळून लिहायचं तर उरलेल्या पाचांत हवा भरण्याचा पंप आणि पंक्चरचं सोल्युशन एवढंच येतं. तेव्हा दिगूसकट लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आपल्याकडची काळी माती पावसात कशी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर जायची वाट म्हणजे दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. जीपचं पोट त्या उंचवट्यावर टेकतं आणि चारही चाकं लोणी घुसळल्यासारखी फिरत बसतात. उपाय म्हणजे मोठे टायर. चाक मोठं झालं की गाडी उंच होते, पोट सुटतं. टायर उंच हवा, पण रुंद नको. रुंद टायरच्या खाचांत ही माती बसते आणि चाकाचा लाडू होतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचं पटत नाही. सायकलचं मागचं चाक मोठं केलं आणि बाकी काही बदललं नाही, तर पायडल जड लागेल. जीपचंही तेच. चाक मोठं झालं की इंजिनाला ओझं वाटायला लागतं. पहिल्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी धापा टाकते आणि क्लच जळतो. म्हणून टायरबरोबर एक्सलच्या पोटातले दात बदलावे लागतात. जीपच्या खाली वाकून पाहिलं तर दोन चाकांमध्ये लोखंडी भोपळ्यासारखा फुगवटा दिसतो. त्यात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राऊन. पिनियनला आठ दात आणि क्राऊनला एकोणचाळीस असतील, तर इंजिनाकडून येणारा शाफ्ट एकोणचाळीस वेळा फिरतो तेव्हा चाकं आठ वेळा फिरतात. आता अठ्ठावीस इंची टायर काढून एकतीस इंची घातले, म्हणजे चाक दहा टक्क्यांहून थोडं जास्त वाढलं. एकोणचाळीसमध्ये तेवढेच मिळवा. त्रेचाळीस येतात. आठावर त्रेचाळीस दातांची जोडी घाला, गाडी पूर्वीसारखी हलकी चालेल. चौथीच्या मुलाला जमेल असं गणित आहे, पण गिऱ्हाइकाला ते वहीत दाखवलं की मी फसवतो आहे असं त्याला वाटतं.

फोर-बाय-फोर जीपला असे भोपळे दोन, एक पुढे, एक मागे. गिअरशेजारचा फोर-बायचा दांडा टाकला की मागच्यांबरोबर पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो. दोन्हीकडे दात सारखेच लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिली नव्हती असं नाही, पण ते पुढे येईल.

हे सगळं आम्ही पूर्ण्याला शिकलो, इस्माईल चाचांकडे. रेल्वे स्टेशनजवळ त्यांचं गॅरेज होतं. माझे वडील शाळेत कारकून. मीही कुठेतरी टेबलामागे बसावं ही त्यांची इच्छा. ती पुरी झाली नाही, पण रजिस्टर ठेवायची सवय मात्र त्यांच्याकडून आली. पॅसेंजरनं रोज पूर्ण्याला जायचो, पिशवीत डबा आणि वही. चाचांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव मास्तर ठेवलं. दिगू झरीच्या शेतकरी घरातला. त्याच्याकडे वही नव्हती, पेनही नव्हतं. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक भोपळ्याला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "चाचा, बेअरिंग डाव्या बाजूचं." खोलून पाहिलं की डाव्याच बाजूचं निघायचं. मीही लावून पाहिलं. मला सगळीकडून घर्रर्र एवढंच ऐकू यायचं. आजही येतं.

एकदा कुणीतरी चाचांना विचारलं, या दोघांत चांगला कोण? मी तिथेच नट धुवत होतो. चाचा म्हणाले, "दिगू कू कान है." मग बराच वेळ थांबून म्हणाले, "मास्तर की लिखावट अच्छी है."

मला वाटतं माझ्या पोटातली आग त्या दिवशी पेटली. त्यानंतर ती विझू द्यायची नाही याची काळजी दिगूनं घेतली.

उदाहरण देतो. गंगाखेडकडचा एक तरुण जमीनदार आला. त्याला पस्तीस इंची टायर हवे होते, चिखलासाठी नाही, लग्नाच्या वरातीसाठी. मी त्याला तोटे लिहून दिले. वळवताना टायर मडगार्डला घासेल, ब्रेक उशिरा लागेल, स्टिअरिंग जड होईल, असे एकूण अकरा. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि झरीला गेला. दिगूनं टायरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, एवढे मोठे टायर लावलाव तर नवरी वर चढंल कशी?" पोरगा हसला आणि एकतीस इंचींवर राजी झाला. सल्ला तोच होता. माझा अकरा मुद्द्यांचा, त्याचा एका वाक्याचा. वर हुरड्याच्या दिवसांत त्या जमीनदारानं दिगूला शेतावर बोलावलं. मला गिऱ्हाइकं नमस्कार करतात. दिगूला हुरडा देतात.

तर सुलोचनाताईंची गोष्ट. या ताडकळसच्या. घरची शेती नवरा पाहतो, जीप या चालवतात. पहाटे आखाड्या-आखाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून ताडकळसच्या संकलन केंद्रावर पोचवायचे, नऊच्या आत. नऊला टँकर निघतो. त्यानंतर आलेलं दूध माघारी. त्या पावसाळ्यात चिखलात अडकून त्यांचं दूध दोनदा माघारी गेलं होतं. केंद्रवाल्यानं सांगितलं होतं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर ही वाट दुसऱ्याला देणार. त्या वाटेवर चौदा घरांचं दूध होतं. ती घरं त्यांनी एकेक करून जोडली होती.

त्या जीप घेऊन दिगूकडेच निघाल्या होत्या. स्टेपनीत हवा कमी म्हणून माझ्या दारात थांबल्या. हवा भरता भरता मी विचारलं.

"मोठे टायर टाकायलेत दिगूभाऊ," त्या म्हणाल्या. "आठ दिवस लागतील म्हणले. पुढचं-मागचं दोन्ही खोलायचंय म्हणे."

"आठ दिवस दूध कशातून नेणार?"

"दिराचा टेम्पो हाय. पण तो चिखलात जात न्हाई. पाऊस पडंना म्हणून देव पाण्यात ठेवणारे लोक असतेत, मी पडू नये म्हणून ठेवलेत."

"मी चार दिवसांत देतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिगूभाऊला शब्द दिलाय हो."

"त्याला मी कळवतो. आम्ही एकाच उस्तादाचे."

मी कळवलं नाही. चार दिवसांत काम होईल की नाही याचाही मी विचार केलेला नव्हता. ती जीप माझ्या दारावरून पुढे जाऊ द्यायची नाही एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

नांदेडहून आठ-त्रेचाळीसच्या दोन जोड्या मागवल्या, एक पुढची, एक मागची. मागचा एक्सल खोलला. नवी जोडी बसवताना दात एकमेकांवर नेमके कुठे टेकतात ते पाहावं लागतं. त्यासाठी शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावतात आणि फिरवून ठसा पाहतात. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला आला तर गाडी रडते, मुळाशी आला तर दात खातो. चाचा हा शेंदूर मारुतीच्या देवळासमोरच्या दुकानातून आणायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "हमारा भी हनुमान है, लोहे का." मागच्या जोडीचा ठसा जमायला मला दोन दिवस लागले. पण जमला, नाण्यासारखा. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला. दिगूला पाठवावा असं फार वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पुढच्या एक्सलला हात घातलेला नव्हता. तोही असाच दोन दिवस खाणार होता. तेव्हा सामानाची यादी काढली. सातव्या ओळीवर होतं: जीपचा पुढचा एक्सल, आठ-त्रेचाळीस, तयार.

इथे माझी एक पद्धत सांगायला हवी. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पान्हे, जॅक, व्हाइस सगळं धुऊन मांडायचं, हळदीकुंकू लावायचं. मी त्यात वहीही ठेवतो. आणि त्याच दिवशी जुन्या वहीतली सामानाची यादी नव्या वहीत उतरवतो. बावीस वर्षं असंच. आदल्या खंडेनवमीला ती यादी उतरवताना माझी एक ओळ सरकली. आठव्या ओळीवरच्या एक्सलचा आकडा सातव्यावर आला. सातव्यावरचा एक्सल त्रेचाळीसचा नव्हता, एकोणचाळीसचा होता. हे मला नंतर कळलं.

तयार एक्सल असेल तर काम अर्ध्या दिवसाचं. जुना काढला, हा बसवला, पुढची नवी जोडी खोक्यातच राहिली. खरं तर बसवण्याआधी दात मोजायचे असतात. दोन माणसं दोन बाजूंची चाकं बरोबरच फिरवतात, तिसरा शाफ्टवर खडूची खूण करून शाफ्टचे फेरे मोजतो. दहा मिनिटांचं काम. चाचा रोज सांगायचे, "काग़ज कू नक्को पूछ मियाँ. चक्के कू पूछ." पण माझ्या यादीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि चौथ्या दिवशी पाचला ताई येणार होत्या. कागदाला विचारून मोकळा झालो.

पाचला जीप दिली. सांगितलं, "चिखलाच्या वाटेवर फोर-बायचा दांडा टाकूनच ठेवा. डांबर आलं की काढा."

तीन दिवसांनी ताईंचा फोन आला. पाऊस चालू होता. "मास्तर, गाडी लय भारी चालायलीय. पुढचं चाक तर असं ओढायलंय, जणू कुणी दोरी बांधून ओढायलंय. काल साडेआठलाच पोचले."

मी फोन ठेवून शेजारच्या टायरवाल्याला चहा पाजला. त्या आठवड्यात भेटेल त्याला मी या जीपबद्दल सांगितलं, झरीला कोण कोण जातं याचा हिशेब मनात ठेवून.

त्याच आठवड्यात दिगूचे तीन फोन आले. मी पडद्यावर नाव पाहिलं आणि उचलले नाहीत. गिऱ्हाईक पळवलं म्हणून तो भांडणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर भांडावं असंही वाटत होतं, आणि त्यासाठी त्यानं आणखी थोडं थांबावं असं वाटत होतं.

मग पावसानं ओढ दिली. चार-पाच दिवसांत वाटा वाळून दगडासारख्या झाल्या. आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला मी दारात चहाचा कप घेऊन उभा असताना सुलोचनाताईंची जीप आली. एकतीस इंची टायर, मी बसवलेले. हात वर करून मी दोन पावलं पुढे झालो. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि जीप तशीच पुढे झरीच्या दिशेनं निघून गेली.

चहा तसाच ठेवला आणि मोटारसायकल काढली. जाऊ नये हे कळत होतं. पण न जाता दिवसभर गॅरेजात बसणं मला जमलं नसतं.

बाजाराच्या मैदानासमोर दिगूचं पत्र्याचं शेड आहे. जीपचं पुढचं तोंड जॅकवर उचललेलं होतं. ताई उलट्या ठेवलेल्या दुधाच्या कॅनवर बसल्या होत्या. दिगू खडूनं शाफ्टवर रेघ ओढत होता. त्यानं मान वर केली.

"या मास्तर. बरं झालं आलाव. एक माणूस कमीच पडायलाय. धरा ते डावं चाक."

लोकांसमोर तो मला तुम्ही म्हणतो. मी डावं चाक धरलं. त्यानं उजवं धरलं. ताईंना म्हणाला, "ताई, ही पांढरी रेघ वर आली की मोजायचं. मोठ्यानं."

"काय झालं गाडीला?" मी विचारलं.

ताईंनी सांगितलं. वाट वाळल्यावर स्टिअरिंग जड व्हायला लागलं, गाडी झटके द्यायला लागली. काल डांबरावर आल्यावर फोर-बायचा दांडा निघेना. खालून कड-कड आवाज. दूध केंद्राच्या दारात नऊला पाच मिनिटं कमी असताना पोचलं. "दिगूभाऊला फोन केला. म्हणले, दहा पावलं रिव्हर्स घ्या, दांडा निघंल. निघाला."

"मला का नाही केला?"

"तुमी म्हणलाव काम झालं. झालेल्या कामाला काय फोन करायचा?" त्या हे टोचून म्हणाल्या नाहीत. तेच जास्त टोचलं.

आम्ही चाकं फिरवायला लागलो, दोघं बरोबर, जशी पूर्ण्याला फिरवायचो तशी. चाकाचे फेरे मी मनात मोजत होतो, शाफ्टचे ताई मोठ्यानं. सहा फेरे झाले तेव्हा त्या एकोणतीसवर होत्या. तिथेच मला कळलं. चौथीचं गणित. तरी मी फिरवत राहिलो. सात. आठवा फेरा पुरा होत आला. "सदतीस," ताई म्हणाल्या. "अडतीस. एकोणचाळीस."

चाक थांबलं. आणखी चार यावेत म्हणून मी हात चाकावर तसाच ठेवून उभा राहिलो.

मागे त्रेचाळीस आणि पुढे एकोणचाळीस म्हणजे काय, ते सांगतो. एका जुवाला दोन बैल आहेत. एक दहा पावलं टाकतो तेव्हा दुसरा अकरा टाकतो. चिखलात चाक घसरतं, त्यामुळे ते एक पाऊल खपून जातं. उलट पुढचं चाक जास्त ओढतंय असं वाटतं. घट्ट जमिनीवर घसरायला जागा नसते. ते जास्तीचं पाऊल शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातं. तसंच चालवलं तर एक दिवस मधला गिअरबॉक्स फुटतो, आणि तो दिवस पहाटेचाच असतो, भरल्या कॅनचा.

"बरोबर हाय का?" ताईंनी विचारलं.

दिगूनं हात पुसले. "जोडीचा एक पार्ट चुकीचा आलाय. खोक्यावर एक लिहिलेलं अन् आत दुसरंच. व्हतंय असं. मास्तरनं बाकी सगळं नीट केलंय. मागचा तर आवाजच न्हाई." मग माझ्याकडे वळला. "त्रेचाळीसची पुढची जोडी हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"यादीत हाय का कपाटात हाय?"

एवढंच तो बोलला. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी म्हणालो, "मोजून आणतो."

ताई पाणी आणायला गेल्या तेव्हा त्यानं आवाज खाली केला. "मास्तर, फोन का न्हाई उचललास? तुमच्याकडं येत न्हाई म्हणून सांगायला ताईनं फोन केलता. पुढचं चाक लय ओढायलंय म्हणली, तवाच कळलं मला. तीन डाव फोन केला."

"मला वाटलं भांडायला केलास."

"भांडायचं आसतं तर आलो नसतो व्हय. अठरा किलोमीटर तर हाय." तो शेडच्या बाहेर जाऊन आभाळ बघून आला. "जा लवकर. सांच्याला पाऊस हाय."

परभणीला जाताना सगळा रस्ता मला एकच गोष्ट छळत होती. मी चूक केली, ही ती गोष्ट नव्हती. त्यानं ती झाकली, ही होती. त्यानं चारचौघांत मला नागडं केलं असतं तर मी आयुष्यभर सुखानं त्याचा राग केला असता. तीही सोय त्यानं ठेवली नाही. कान त्याचे, हुरडा त्याला, आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच.

कपाटातलं खोकं काढलं. आठ आणि त्रेचाळीस. तीनदा मोजले. दीड वाजता परत झरीला पोचलो तेव्हा दिगूनं पुढचा एक्सल खोलून ठेवला होता. मग आम्ही लागलो. जोडी बसवताना दातांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. पत्र्याच्या पातळ चकत्या घालून ती कमी-जास्त करतात. माझ्याकडे ती मोजायचं काट्याचं घड्याळ आहे. ते मी लावतच होतो, तेवढ्यात दिगूनं क्राऊनला दोन बोटांनी हलकेच हलवलं आणि म्हणाला, "एक चकती जास्त झाली." मी काटा पाहिला. एक चकती जास्त झाली होती. काढली. त्यानं पुन्हा बोटं लावली. "आता बरूबर." काटाही तेच म्हणाला. सत्तावीस वर्षं जे घड्याळ मी जपून वापरतो, ते त्याच्या बोटांनी आधीच सांगितलेलं मला थोड्या वेळानं सांगत होतं.

शेंदराचा ठसा मात्र त्यानं मला पाहायला सांगितला. "तुझी नजर बारीक हाय," म्हणाला. बरं वाटावं म्हणून म्हणाला का, ते मला ठरवता आलं नाही.

दिवेलागणीला चाकं चढवली. पुन्हा दोघांनी फिरवली, पुन्हा ताईंनी मोजलं. आठ फेऱ्यांना त्रेचाळीस. बाहेर पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते. ताई चावी घेऊन निघाल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, खोकं चुकीचं नव्हतं. मी दात मोजले नव्हते."

दिगू पान्हे पुसत होता, त्याचा हात थांबला.

ताई म्हणाल्या, "मास्तर, तुमी चाक धरून उभारलाव ना, तवाच कळलं मला. चूक तुमची का खोक्याची, ते घेऊन मी काय करू? उद्या नवाच्या आत दूध पोचलं म्हणजे झालं. रात्रभर पाऊस पडणार हाय."

"मी येतो सकाळी," मी म्हणालो. "गाडीत बसून बघतो."

पहाटे ताडकळसहून निघालो. चाकोऱ्या पाण्यानं भरलेल्या. फोर-बायचा दांडा टाकून ताई गाडी अशी नेत होत्या, जणू वाट त्यांनी स्वतः आखली असावी. एका ओढ्यापाशी पोट टेकतं की काय असं वाटलं, पण गाडी उचलल्यासारखी पार झाली. मी कान देऊन ऐकत होतो. पुढून काही नाही, मागून काही नाही. जिथे जिथे कॅन चढले तिथे त्यांनी वाट पाहणाऱ्या माणसाला सांगितलं, "ह्ये गाडीचे मास्तर." चूक सांगितली नाही. नऊला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा कॅन केंद्राच्या फरशीवर उतरला. मी वेळ लिहून ठेवली.

निघताना ताईंनी दोन डबे हातात दिले. खरवस होता. "एक तुमाला, एक दिगूभाऊला. त्यांचं गाव तुमच्या पुढंच हाय, तेवढा पोचवा."

गॅरेजात आल्यावर मी दोन्ही डबे वजनकाट्यावर ठेवले. दिगूचा जास्त भरला. मग झरीला जाऊन देऊन आलो. डबा बदलायचा विचार आला होता, हेही लिहून टाकतो.

ती जीप अजून माझ्या दारावरून जाते. टायर माझ्याकडून घेतात, ग्रीसिंगला झरीला जातात. गेली की मी हातातलं काम थांबवून ऐकतो. मागची जोडी माझी, पुढची दोघांची. काही ऐकू येत नाही, आणि चांगल्या जोडीचं लक्षण तेच आहे. पण काहीतरी ऐकू यावं, निदान पुढून, असं मला अजूनही वाटतं.

आता माझ्या यादीत एक जास्तीचा रकाना आहे: चाक फिरवून पाहिलं का? तो भरल्याशिवाय कुठलीही वस्तू तयार म्हणून लिहीत नाही. आणि प्रत्येक गाडीच्या कामापुढे ते कुणी केलं हेही लिहितो. ताईंच्या जीपपुढे मी त्या दिवशी लिहिलं होतं: मागे आठ-त्रेचाळीस, मी. पुढे आठ-त्रेचाळीस, दिगंबर. बावीस वह्यांत त्याचं नाव कुठेही नव्हतं. तेव्हाही मी ते पेन्सिलीनं लिहिलं होतं.

यंदा खंडेनवमीला नवी वही सुरू केली. हत्यारांना हळदीकुंकू लावून झालं आणि सामानाची, कामांची यादी उतरवायला बसलो. ताईंच्या जीपच्या ओळीवर आलो तेव्हा पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल शोधायला उठलो. ड्रॉवर पाहिला, कपाट पाहिलं, शर्टाचा खिसा पाहिला. माझ्या गॅरेजात कुठली वस्तू कुठे आहे ते मला अंधारातही सांगता येतं, पण पेन्सिल सापडली नाही. मग पेनानंच लिहिलं.